मॅच युरोपात, पावती तेल्हाऱ्यात: फुटबॉल फॅन्सनी दिलेला पैसा नेमका जातो कुठे?

रात्रीचा दीड वाजलाय. तेल्हाऱ्यात एखाद्या घरात आई-बाबा गाढ झोपलेत आणि पोट्टा चादरीच्या आत मोबाईल धरून चॅम्पियन्स लीग बघतोय. आवाज बंद. गोल झाला की ओरडायचं नाही, फक्त उशी चावायची. हाफटाइमला तो इन्स्टा उघडतो, तर त्याच्याच क्लबच्या फॅन पेजनं स्टोरी टाकलेली असते. आपण सगळे मिळून अमुक कारणासाठी पैसे गोळा करतोय, क्यूआर स्कॅन करा.

पन्नास रुपये टाकायचे की नाही? टाकले तर जातील कुठं?

तेल्हारा म्हटलं की अकोला जिल्ह्यातला कपाशीचा तालुका, खारपाणपट्टा, उत्तरेला सातपुडा आणि वान धरण. फुटबॉलच्या नकाशावर हे गाव कुणी शोधणार नाही. पण स्वस्त डेटा आल्यापासून फॅन व्हायला मैदान लागत नाही. आणि फॅन झालात की आज ना उद्या तुमच्यापुढे डबा येतोच.

सगळ्यात मोठा डबा सध्या फिफाच्या हातात आहे. ११ जून ते १९ जुलै २०२६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपच्या प्रत्येक तिकिटामागे १ डॉलर मुलांच्या शिक्षणासाठी द्यायचं फिफानं जाहीर केलंय. 'ग्लोबल सिटिझन' या संस्थेसोबतच्या या फंडाचं टार्गेट आहे १० कोटी डॉलर. ऐकायला भारी वाटतं. पण याच वर्ल्ड कपच्या फायनलचं स्वस्तातलं तिकीट ४ हजार डॉलरच्या वर असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये समोर आलं, तेव्हा युरोपातल्या फॅन्सच्या संघटनेनं याला सरळ विश्वासघात म्हटलं. टीका इतकी झाली की फिफाला थोडी तिकिटं ६० डॉलरला ठेवावी लागली. म्हणजे ४ हजार डॉलर घ्यायचे, त्यातला एक द्यायचा आणि फोटो मात्र त्या एकाचा काढायचा.

या डॉलरबद्दल फॅनला कुणी विचारलेलं नाही. तो कुठं जाणार हे त्यानं ठरवलेलं नाही. तिकिटात जीएसटी कापावा तसा तो कापला जातो. म्हणून हा पैसा फॅन्सच्या खिशातून आला तरी त्याला फॅन्सची देणगी म्हणणं जरा जडच जातं.

मग फॅन्सनी स्वतः उभं केलेलं काम कसं असतं?

त्यासाठी लिव्हरपूलला जावं लागेल. या शहरात दोन क्लब आहेत, लिव्हरपूल आणि एव्हर्टन. दोघांमधलं वैर शंभर वर्षांहून जुनं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालमींची मॅच लागली की जे वातावरण असतं, तेच समजा.

तर २०१५ मध्ये या दोन्ही क्लबच्या काही फॅन्सनी एकत्र येऊन 'फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स' नावाचं काम सुरू केलं. फूडबँक म्हणजे ज्या घरात आठवड्याचा किराणा भरायला पैसे नाहीत, त्यांना धान्य-डबे देणारं केंद्र. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात अशी केंद्रं वाढत होती. या फॅन्सनी मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर चाकांचे कचऱ्याचे मोठे डबे स्वच्छ करून उभे केले आणि येणाऱ्याला सांगितलं, मॅचला येताना घरून पास्त्याचं एक पाकीट, डाळींचा एक टिन आणा. भुकेला क्लबचा रंग नसतो, ही त्यांची घोषणा.

ही पद्धत साधी होती म्हणून चालली. फॅन दर पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यानं, त्याच गेटवर येतो. त्याला वेगळं कुठं जावं लागत नाही. डबा त्याच्या डोळ्यांसमोर असतो, त्यात काय पडलं ते दिसतं आणि ते कुठल्या वस्तीत जाणार तेही माहीत असतं, कारण बऱ्याचदा ती वस्ती स्टेडियमच्या मागेच असते.

पण गोष्टीचा महत्त्वाचा भाग पुढं आहे. डबे भरत राहिले आणि भूक काही कमी होईना, तेव्हा या मंडळींनी प्रश्न बदलला. लोकांना फूडबँकेत यावंच का लागतं? या कामातले एक संस्थापक इयन बर्न २०१९ मध्ये खासदार झाले आणि अन्न हा कायद्यानं हक्क व्हावा म्हणून त्यांनी 'राइट टू फूड' मोहीम पार्लमेंटपर्यंत नेली. पास्त्याच्या पाकिटापासून सुरू झालेलं काम कायद्याच्या मागणीपर्यंत पोहोचलं.

दान आणि सामाजिक न्याय यातला फरक समजवायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. खरं तर तो फरक मराठी माणसाला लिव्हरपूलहून शिकायची गरज नाही. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात मेहेरबानी वेगळी आणि हक्क वेगळा हे शाळेत असल्यापासून कानावर पडतं. आपल्या सरकारमध्ये तर त्या नावाचं खातंच आहे.

मार्कस रॅशफोर्डचं प्रकरण याच जातीचं. कोविडमध्ये शाळा बंद, म्हणून गरीब मुलांचं शाळेतलं जेवण बंद. मँचेस्टर युनायटेडच्या या तेव्हाच्या २२ वर्षांच्या खेळाडूनं अन्न वाटणाऱ्या संस्थेसाठी पैसे उभे केले, आणि मग १५ जून २०२० ला खासदारांना उघडं पत्र लिहिलं. स्वतः लहानपणी या जेवणावर जगल्याचं त्यात सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश सरकारनं उन्हाळी सुट्टीतही मदत द्यायचं मान्य केलं. सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता.

फॅन्स आणि वाद, दोन्ही सोबत येतात

सामाजिक न्याय म्हटलं की सगळ्यांना पटणारं कारण असेलच असं नाही. १७ ऑगस्ट २०१६ ला ग्लासगोत सेल्टिकची मॅच इस्रायलच्या हापोएल बेअर शेवा क्लबशी होती. सेल्टिकच्या 'ग्रीन ब्रिगेड' या फॅन गटानं स्टँडमध्ये पॅलेस्टाइनचे झेंडे फडकवले. युरोपची फुटबॉल संघटना यूएफाच्या नियमात मैदानावर असे राजकीय संदेश बसत नाहीत, त्यामुळं क्लबला दंड होणार हे उघड होतं. झालाही, १० हजार युरो.

पण दंडाचा निकाल यायच्या आधीच फॅन्सनी ऑनलाइन मोहीम काढली होती. जितका दंड, तितकी देणगी, असा हिशोब. पैसे जाणार होते वैद्यकीय मदत करणाऱ्या एका संस्थेला आणि बेथलेहेमजवळच्या आयदा निर्वासित छावणीतल्या लाजी सेंटरला. टार्गेट १५ हजार पौंडांचं होतं. जमा झाले १ लाख ७० हजार पौंडांहून जास्त. त्या छावणीत पुढं मुलांची टीम उभी राहिली, तिच्या नावातही सेल्टिक आलं.

ज्यांना ही भूमिका पटली नाही त्यांनी या फॅन्सवर टीका केली, आणि मैदानात राजकारण नको म्हणणारे सेल्टिकच्या पाठीराख्यांतही होते. ते असणारच. इथं मुद्दा एवढाच की देणाऱ्यांना आपण कुणाला आणि का देतोय हे नावानिशी माहीत होतं. फिफाच्या एक डॉलरमध्ये तेच नसतं.

यात महाराष्ट्र कुठून आला?

आला, आणि तोही थेट मुंबईच्या झोपडपट्टीतून.

२०१७ च्या उन्हाळ्यात स्पेनचा वर्ल्ड कप विजेता आणि तेव्हाचा मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू हुआन माता मुंबईत आला होता. फिरायला म्हणून नाही, तर कफ परेडच्या आंबेडकर नगरातून सुरू झालेलं 'ऑस्कर फाउंडेशन' बघायला. अशोक राठोड या तिथल्याच वस्तीत वाढलेल्या तरुणानं २००६ मध्ये मुलांना फुटबॉल शिकवायला सुरुवात केली होती. अट एकच, शाळेत जाणार नसशील तर मैदानावर यायचं नाही. वस्तीतली पोरं शाळा सोडून लहानपणीच कामाला लागत होती, त्यावर शोधलेला हा उपाय.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मातानं 'कॉमन गोल' जाहीर केलं. खेळाडूंनी आपल्या पगाराचा १ टक्का द्यायचा, आणि तो एकत्र करून फुटबॉलमधून समाजाचं काम करणाऱ्या जगभरातल्या संस्थांना पोहोचवायचा. त्याला आधी अकरा जणांची टीम जमवायची होती. मॅट्स हुमल्स, जॉर्जो किएलिनी, मेगन रापिनो, अ‍ॅलेक्स मॉर्गन अशी नावं येत गेली. पुढं दरवाजा फॅन्ससाठीही उघडला, कुणीही आपल्या कमाईचा १ टक्का द्यायचं वचन देऊ शकतो.

या जाळ्यात असलेली एक संस्था तुम्हाला माहीत आहे. नाव नसेल आठवत, पण सिनेमा आठवेल.

झुंड बघितला, पुढं काय?

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे. २००१ चा पावसाळा. वस्तीतली काही पोरं पावसात एक फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी पोरांना बॉल दिला, स्पर्धा भरवली, नाव ठेवलं 'झोपडपट्टी फुटबॉल'. नावावर लोक नाराज झाले, पण सरांनी ते बदललं नाही. ज्या शब्दानं पोरांना हिणवतात तोच शब्द त्यांना जर्सीवर हवा होता, असंच दिसतं. यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. निवृत्तीच्या पैशातून सरांनी नागपूरजवळ जमीन घेतली. बेघरांच्या वर्ल्ड कपला, म्हणजे होमलेस वर्ल्ड कपला, भारताची टीम इथूनच जाऊ लागली. २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड या संस्थेला मिळाला. ४ मार्च २०२२ ला नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला आणि बारसेंच्या भूमिकेत अमिताभ बच्चन दिसले.

विदर्भातल्या किती पोरांनी तो सिनेमा बघून स्टेटस ठेवला असेल, मोजता येणार नाही. स्टेटस चोवीस तासांत जातो. मैदान भाड्यानं घेणं, कोचचा पगार, मुलींना संध्याकाळी घरी सोडायची गाडी, बूट, स्पर्धेला जायचं रेल्वेचं तिकीट, हा खर्च दर महिन्याला असतो. अशा कामाला पैसा येतो तो कंपन्यांच्या सीएसआरमधून, थोड्या देणगीदारांकडून आणि परदेशातून. पहिला दरवर्षी बदलतो. कंपनीच्या साहेबांनी यंदा झाडं लावायची ठरवली की फुटबॉल गेला. आणि तिसऱ्याच्या वाटेत एक फाटक आहे.

त्या फाटकाचं नाव एफसीआरए

लिव्हरपूलच्या फॅनला झुंड बघून वाटलं की विदर्भातल्या एखाद्या संस्थेला २० पौंड पाठवावेत, तर ते सरळ पाठवता येत नाहीत. परदेशी नागरिकाकडून पैसे घ्यायचे तर भारतातल्या संस्थेकडे २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा परवानगी लागते. सप्टेंबर २०२० मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. ऑफिस, पगार अशा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि सगळ्यात मोठा बदल हा की, एका संस्थेला आलेला परदेशी पैसा ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही.

हा शेवटचा नियम तेल्हाऱ्याच्या दृष्टीनं बघा. आधी मोठ्या शहरातली नोंदणी असलेली संस्था परदेशातून पैसे घेऊन तालुक्यातल्या छोट्या मंडळाला त्यातला वाटा देऊ शकायची, त्या मंडळाचीही नोंदणी असली किंवा सरकारची परवानगी असली तर. आता तोही रस्ता बंद. सरकारचं म्हणणं असं की पैसा हातोहात फिरला की तो शेवटी कुठं पोहोचला याचा माग राहत नाही. संस्थांचं म्हणणं असं की तालुक्याच्या गावातल्या मंडळाला दिल्लीच्या खात्याची आणि नोंदणीची दगदग कधीच झेपणार नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण फुटबॉलपुरतं बोलायचं तर परिणाम एकच होतो. मातासारख्यांचा एक टक्का मुंबई-नागपूरच्या अनुभवी संस्थांपर्यंत येऊ शकतो, त्याच्या पुढं सरकणं अवघड आहे.

इथं एक गंमत आहे. तुमचा मावसभाऊ न्यूजर्सीत नोकरी करतो, ग्रीन कार्ड आहे, पण पासपोर्ट अजून भारताचाच आहे. त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. उद्या त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तोच माणूस, तेच पैसे, आणि संस्थेला एफसीआरए लागणार.

आता उलट बाजूनं बघा. तेल्हाऱ्यातल्या पोट्ट्याच्या पन्नास रुपयांना असं कुठलंच फाटक नाही. यूपीआयनं गेले की पोहोचले. नागपूरला, मुंबईला, किंवा शेजारच्या गावातल्या शाळेला. परदेशातल्या स्टार खेळाडूच्या लाखांपेक्षा इथल्या फॅनचे शंभर रुपये जास्त मोकळे आहेत. ते पगाराला वापरा, गाडीभाड्याला वापरा, दुसऱ्या मंडळाला द्या. अडचण अशी आहे की ते कुणी मागतच नाही. आणि जे मागतात त्यातले काही भामटे असतात.

क्यूआर स्कॅन करायच्या आधी

फॅन पेजच्या स्टोरीवर आलेला क्यूआर स्कॅन केला की पैसे जाण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. तिथं संस्थेचं नाव न दिसता एखाद्या माणसाचं दिसलं, तर तिथंच थांबायचं. संस्था खरी असेल तर तिचा धर्मादाय नोंदणी क्रमांक किंवा कंपनी नोंदणी असते, ती विचारली तर खरी संस्था रागावत नाही. पैसे मिळवायला पिन टाका असं कुणी म्हणालं तर तो चोर आहे, कारण पैसे मिळवायला पिन लागतच नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

क्राउडफंडिंगच्या काही वेबसाइट देणगीवर 'टिप' म्हणून स्वतःच काही टक्के निवडून ठेवतात. ते शून्य करता येतात, पण बटण शोधावं लागतं.

संस्थेकडं ८०जी असेल तर देणगीवर आयकरात सवलत मिळते, साधारण निम्म्या रकमेवर. २ हजारांहून जास्त रोख दिली तर मिळत नाही, आणि नव्या कर प्रणालीत ही सवलतच नाही. पन्नास-शंभर देणाऱ्या कॉलेजच्या पोरांना याचा उपयोग शून्य, पण घरातल्या मास्तर काकांकडून पाचशे काढायला हे वाक्य कामाला येतं. लिव्हरपूलच्या फूडबँकेला किंवा आणखी कुठल्या परदेशी संस्थेला थेट पैसे पाठवले तर यातलं काहीच लागू होत नाही.

आणि आपल्याच गावात गोळा करायचे असतील तर?

तेही अवघड नाही, कारण ही पद्धत वऱ्हाडाला नवी नाही. गाडगेबाबांनी लोकांकडून आलेल्या पैशांतून धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. मालकी स्वतःकडं ठेवली नाही, कारभार ट्रस्टच्या हाती दिला. नातेवाइकांचा हक्कही लावू दिला नाही. शेंडगावचे बाबा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातलेच. आणि गणपतीची वर्गणी तर प्रत्येक गल्लीला येते.

वर्गणीचाच कायदा इथंही लागतो, हे बऱ्याच पोरांना माहीत नसतं. तुमचा फॅन ग्रुप ही नोंदणी झालेली संस्था नसेल आणि तुम्ही समाजकार्याच्या नावानं लोकांकडून पैसे गोळा करणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. नंतर हिशोबही द्यावा लागतो. हे टाळायचं असेल तर सोपा मार्ग म्हणजे पैसे ग्रुपच्या अ‍ॅडमिनच्या खात्यात घ्यायचेच नाहीत. ज्याला द्यायचे त्या नोंदणीकृत संस्थेचा क्यूआर ग्रुपवर टाकायचा, आणि प्रत्येकानं आपापली पावती तिथंच टाकायची. दोघा-तिघांनी पावती टाकली की चौथ्याला राहवत नाही, हा वर्गणीचा जुना अनुभव आहे.

हिशोब करून बघू. वर्ल्ड कपची फायनल बघायला चाळीस पोरं एका स्क्रीनपुढं बसली आणि प्रत्येकानं पन्नास दिले, तर २ हजार रुपये होतात. क्लबची ओरिजिनल जर्सी पाच-सहा हजारांना पडते, म्हणजे एका बाहीचे पैसे. त्यात पाच नंबरचे चार बरे बॉल येतात. ते चार बॉल कुणाला द्यायचे, यावर खरं भांडण होईल. ज्या हायस्कूलला मैदान आहे पण बॉल नाही त्याला? मैदानच नसलेल्या वस्तीला? की मैदान आणि बॉल दोन्ही असूनही संध्याकाळी जिथं एकही मुलगी खेळताना दिसत नाही, तिथल्या मुलींना?

लिव्हरपूलचं काम पास्त्याच्या पाकिटावरून ज्या प्रश्नाकडं गेलं, तो प्रश्न इथं चौथ्या बॉललाच येऊन उभा राहतो. मुलींना बॉल दिले तर सहा वाजल्यानंतर मैदानावर दिवा कोण लावणार, हे विचारायला मग नगरपालिकेतच जावं लागेल.